नख जिव्हाळी लागते तेव्हा

नखाच्या टोकाखाली जो कोवळा, हुळहुळा भाग असतो त्याला मराठीत जिव्हाळी म्हणतात. नख काढताना ब्लेड किंवा नेलकटर जरा आत गेले की 'नख जिव्हाळी लागले' असे आपण म्हणतो. ज्या शाळांत आठवड्यातून एकदा नखतपासणी होते, तेथील शिक्षकांना हा प्रकार नवा नाही. तपासणीच्या दिवशी सकाळी घाईघाईने, कधी दाताने तर कधी वडिलांच्या दाढीच्या ब्लेडने नखे काढून आलेली दोन-तीन मुले बोट तोंडात धरून वर्गात बसलेली असतात.

यावरचा प्रथमोपचार दोन-तीन वाक्यांत संपतो. बोट वाहत्या स्वच्छ पाण्याखाली साबणाने धुवावे, स्वच्छ कापडाने पाच ते दहा मिनिटे घट्ट दाबून धरावे, मध्येच उघडून पाहू नये, हात जरा उंच ठेवावा आणि रक्त थांबले की स्वच्छ पट्टी बांधावी. बोट चोखू नये, कारण तोंड हे जंतूंचे मोठे माहेरघर आहे. एवढे झाले की काम झाले. परंतु या साध्या सूचनेत दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे एकत्र आली आहेत. रक्त कसे थांबवावे, हा पहिला प्रश्न. जखम चिघळू नये म्हणून काय करावे, हा दुसरा. माणसाने पहिल्या प्रश्नावर दोन हजारांहून अधिक वर्षे डोके खर्च केले. दुसरा प्रश्न वेगळा आहे हेच त्याला फार उशिरा, एकोणिसाव्या शतकात, नीट उमगले. मधल्या काळात बोटावरच्या जखमेने मेलेल्या माणसांची गणती कोणी ठेवलेली नाही.

आधी नखाविषयी थोडे. आपल्याला दिसते ते नख म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींचा थर. ते कापताना दुखत नाही ते यामुळेच. नख वाढते ते मुळाशी, कातडीखाली. त्याच्या खालची गादी मात्र जिवंत असते, आणि तिच्यात केशवाहिन्यांचे व चेतातंतूंचे दाट जाळे असते. म्हणून एवढ्याशा जखमेतून रक्त भराभर येते आणि ठणकाही फार लागतो. विल्यम बीन या अमेरिकन डॉक्टरांनी स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर खूण करून ती टोकापर्यंत कधी पोचते याची नोंद तब्बल ३५ वर्षे ठेवली आणि १९८० साली ती प्रसिद्ध केली. वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढे, ६७ व्या वर्षी ०.०९५ मिलिमीटर. महिन्याला साधारण तीन मिलिमीटर हा हिशेब विद्यार्थ्यांना स्वतःच्या नखावर सहज पडताळून पाहता येईल. त्यासाठी ना उपकरण लागते ना खर्च.

आता रक्ताकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात रक्त थांबवण्याचे चार उपाय दिले आहेत : संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट काढ्यांनी जखम आवळून आणणे हे संधान, गारव्याने रक्त घट्ट करणे हे स्कंदन, भस्म वापरणे हे पाचन, आणि डागणी देऊन शिरा आकुंचित करणे हे दहन. हे उपाय याच क्रमाने, सौम्याकडून तीव्राकडे जात करावेत आणि डागणी अगदी शेवटी द्यावी असा त्यातला रोख आहे. ही मांडणी आम्हांला फार मोलाची वाटते. तिच्यात औषधांची नुसती यादी नाही, औषध कोणत्या मार्गाने काम करते याचा विचार आहे. अर्थात त्या विचारातले सगळे आज टिकत नाही. गारव्याने रक्त थांबायला मदत होते हे खरे, पण ते शिरा आकुंचित झाल्यामुळे. रक्त साकळण्याची क्रिया थंडीने उलट मंदावते. म्हणूनच मोठ्या अपघातातल्या जखमीचे अंग गार पडू देऊ नये, असे आज शिकवतात.

तुरट औषधांत सर्वांच्या ओळखीची म्हणजे तुरटी. केशकर्तनालयात दाढी झाल्यावर ओल्या गालावरून फिरणारा तो पारदर्शक खडा पोटॅशियम व ॲल्युमिनियम यांच्या दुहेरी सल्फेटाचा असतो. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की मातीचे कण एकत्र येऊन तळाशी बसतात हा प्रयोग आपण वर्गात करतोच. जखमेवर घडते ते याच्याच जवळचे. तुरटीतले ॲल्युमिनियमचे आयन रक्तातल्या व ऊतींतल्या प्रथिनांचा साका करतात, कातडी आवळली जाते आणि बारीक वाहिन्यांची तोंडे मिटतात. पंधराव्या शतकात या खड्याने युरोपात मोठे राजकारण घडवले. कापड रंगवताना रंग पक्का करायला तुरटी लागे आणि ती मुख्यतः तुर्कांच्या ताब्यातल्या प्रदेशातून येई. १४६१ साली जोव्हानी दा कास्त्रो याला रोमजवळ तोल्फा येथे, पोपच्या राज्यात, तुरटीचा खडक सापडला आणि पोपला तुर्कांविरुद्धच्या मोहिमेसाठी पैशाची खाणच मिळाली. जखमेसाठी लागणारी तुरटी या व्यापारात चिमूटभरच, पण रंगाऱ्यामुळे ती सर्वत्र पोचली. जाता जाता एक सांगितले पाहिजे. एकच खडा दहा गिऱ्हाइकांच्या गालांवरून फिरवणे बरे नव्हे. रक्तातून पसरणारी कावीळ अशा वाटेनेही पसरू शकते.

दहनाची परंपरा पुढे रसायनांनी चालवली. तापलेल्या सळईच्या जागी सिल्व्हर नायट्रेटची कांडी आली. किमयागार चांदीचा संबंध चंद्राशी जोडत. त्यामुळे या क्षाराला युरोपात चंद्राच्या नावानेच ओळखत. कांडी ओल्या जखमेला टेकवली की प्रथिने गोठतात आणि जागा काळी पडते. हा काळा डाग आपण सर्वांनी पाहिला आहे. मतदान करताना डाव्या तर्जनीच्या नखावर लावतात त्या न पुसणाऱ्या शाईत हेच सिल्व्हर नायट्रेट असते. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती आपल्याकडे वापरात आहे. कातडीवरचा डाग काही दिवसांत जातो, नखावरचा मात्र नख वाढून कापले जाईपर्यंत राहतो. तो किती आठवडे टिकेल याचे गणित बीनसाहेबांच्या आकड्यांवरून मांडता येईल.

१८५० च्या दशकात लेओं मॉन्सेल या फ्रेंच लष्करी औषधनिर्मात्याने लोहाच्या एका सल्फेटाचे दाट, तांबूस द्रावण तयार केले. रक्ताला लागताच ते चिकट गोळा बनवी आणि वाहिनीचे तोंड बुजे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१-६५) लोहाचे असे क्षार सर्रास वापरले गेले. परंतु तीव्र क्षार रक्ताबरोबर भोवतालची ऊतीही जाळतो, आणि मेलेल्या ऊतीवर जंतू चांगले पोसतात. त्यामुळे मोठ्या जखमांतून हे द्रावण पुढे मागे पडले. ते नाहीसे मात्र झाले नाही. तपासणीसाठी ऊतीचा बारीक तुकडा काढल्यावर डॉक्टर ते आजही लावतात. दुसरे ठिकाण तर आपल्या विषयातलेच आहे. कुत्र्याच्या नखात शीर बरीच पुढपर्यंत आलेली असते आणि काळ्या नखात ती दिसतही नाही. नख कापताना ती तुटली की पशुवैद्य जी पिवळसर तपकिरी पूड चिमटीने दाबतात ती बहुधा मॉन्सेलच्याच क्षाराची असते. माणसाच्या बोटाला तिची गरज नाही. आपण बोट दहा मिनिटे दाबून बसू शकतो, कुत्रा बसत नाही.

हे सगळे उपाय चालू असताना, काहीही न लावता रक्त आपोआप का थांबते हे कोणालाच ठाऊक नव्हते. शिरेबाहेर आलेले रक्त गार पडते, त्याला हवा लागते, त्याची हालचाल थांबते, म्हणून ते साकळते असा समज होता. लंडनच्या विल्यम ह्यूसन या तरुण शरीररचनाशास्त्रज्ञाने १७७० च्या सुमारास या तिन्ही समजुती एकेक करून तपासल्या. जिवंत कुत्र्याच्या शिरेला दोन ठिकाणी दोरा बांधून मधले रक्त स्थिर ठेवले, तरी ते बराच वेळ पातळ राहिले. गोठवलेले रक्त वितळवले तर ते आधी पातळच होते आणि मग साकळले. पुढे त्याने रक्तात विशिष्ट क्षार मिसळून त्याचे साकळणे रोखले, तांबड्या पेशी तळाशी बसू दिल्या आणि वरचा स्वच्छ द्रव वेगळा काढला. त्यात पाणी घालताच त्या द्रवाची गुठळी झाली. साकळण्याचा गुण तांबड्या पेशींत नसून द्रवात आहे हे यातून सिद्ध झाले. लंडनमधल्या ज्या घरात बेंजामिन फ्रँकलिन राहत असे तेथेच ह्यूसनची शवविच्छेदनाची शाळा होती. १९९८ साली त्या घराच्या दुरुस्तीत मानवी हाडांचा ढीग सापडला तेव्हा वर्तमानपत्रांत बराच गवगवा झाला होता. ती हाडे या शाळेचीच.

१७७४ साली शवविच्छेदन करताना ह्यूसनला एक जखम झाली. तिच्यातून विष अंगात भिनले आणि तो मरण पावला. तेव्हा तो पस्तिशीचा होता. रक्त कसे थांबते हे ज्याने शोधले त्याला रक्त थांबलेल्या जखमेनेच मारले.

ह्यूसनचा धागा पुढे जोसेफ लिस्टरने उचलला. लिस्टरचे नाव आपण जंतुनाशक शस्त्रक्रियेशी जोडतो. पण त्याआधी १८६३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत त्याने रक्ताच्या साकळण्यावर व्याख्यान दिले होते. जनावराच्या शिरेत अडकवलेले रक्त तासन्‌तास पातळ राहते, तेच काचेच्या भांड्यात काढले की साकळते. म्हणजे परक्या पृष्ठभागाशी संपर्क आला की ही क्रिया सुरू होते, असे त्याने दाखवले. राहिलेला महत्त्वाचा दुवा तुरीन येथील जूलिओ बिझोझेरो याने १८८२ साली जोडला. सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत प्राण्याच्या बारीक वाहिनीला इजा करून तो पाहत बसे. इजेच्या जागी सर्वांत आधी येऊन चिकटत ते ना तांबड्या पेशी ना पांढऱ्या. त्या होत्या अगदी लहान, रंगहीन चकत्या. आपण त्यांना रक्तबिंबिका किंवा प्लेटलेट म्हणतो.

म्हणजे जिव्हाळी लागल्यावर बोटात घडते ते असे : प्रथम वाहिनी आकसते, मग बिंबिका तोंडाशी गर्दी करून तात्पुरते बूच बसवतात, आणि त्यामागून फायब्रिनचे धागे विणले जाऊन बूच पक्के होते. बोट दाबून धरल्याने रक्ताचा जोर कमी होतो आणि बिंबिकांना बूच बसवायला उसंत मिळते. मध्येच कापड उचलून पाहिले की ते कच्चे बूच निघून येते आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. 'उघडून पाहू नये' या सूचनेमागे बिझोझेरोची चकती आहे.

बिंबिकांचे आणि धाग्यांचे काम निरनिराळे आहे हे विल्यम ड्यूक याने १९१० साली एका साध्या चाचणीने स्पष्ट केले. तो कानाच्या पाळीला बारीक छेद देई आणि दर अर्ध्या मिनिटाने टीपकागद टेकवी. निरोगी माणसात एक ते तीन मिनिटांत डाग बंद होत. बिंबिका कमी असलेल्या रोग्यात हा वेळ खूप लांबे, आणि दुसऱ्याचे ताजे रक्त दिल्यावर पूर्ववत होई. हिमोफिलिया झालेल्या मुलात मात्र बिंबिका ठीक असतात, उणीव असते ती पुढच्या टप्प्यातल्या एखाद्या घटकाची. त्यामुळे बारीक ओरखडा त्याच्यात बहुधा वेळेवर थांबतो, आणि खरा धोका सांध्यांत किंवा खोल स्नायूत होणाऱ्या रक्तस्रावाचा असतो. वर्गात असा मुलगा असेल तर त्याचे खरचटलेले बोट पाहून घाबरू नये, पण पडून गुडघा सुजला तर वेळ दवडू नये.

हिमोफिलियाच्या रोग्याचा दात काढला तर पूर्वी जिवावर बेतत असे. १९३४ साली लंडनच्या मॅकफार्लेन या डॉक्टरांनी आणि तेथील प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांचा विभाग पाहणाऱ्या बर्जेस बार्नेट यांनी मिळून यावर एक अजब औषध सुचवले. ते म्हणजे सापाचे विष. अनेक विषांपैकी सर्वांत जोरकस ठरले ते आपल्या घोणशीचे. दहा हजार भाग पाण्यात एक भाग इतके पातळ केले तरी जखमेवर लावताच ते गुठळी करी. पुढे ते औषध म्हणून विकलेही गेले. आजही एका रक्ततपासणीत घोणशीचे पातळ विष वापरतात.

मग घोणस चावल्यावर माणसाला रक्तस्राव का होतो? हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा. जखमेवर टेकवलेले थेंबभर विष फक्त तेथेच गुठळी करते. तेच रक्तप्रवाहात शिरले की अंगभर साकळण्याची क्रिया सुरू करते. साकळण्याला लागणारे घटक त्यात संपून जातात आणि मग उरलेले रक्त साकळूच शकत नाही. आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांत यासाठी एक चाचणी करतात. रोग्याचे दोन मिलिलीटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे अजिबात न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरपी करायची. रक्त पातळच राहिले असेल तर प्रतिविष द्यायला हवे हे निश्चित होते. नळी काचेचीच लागते, प्लॅस्टिकची चालत नाही. परक्या पृष्ठभागाविषयी लिस्टरने १८६३ साली सांगितलेली गोष्ट तालुक्याच्या रुग्णालयात अशी उपयोगी पडते.

दुसऱ्या प्रश्नाची कथा व्हिएन्नात सुरू होते, आणि तीही बोटापासूनच. १८४७ च्या मार्च महिन्यात याकोब कोलेच्का या प्राध्यापकाच्या बोटाला शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याची सुरी लागली आणि काही दिवसांत तो मरण पावला. त्याचा मित्र इग्नाझ सेमेलवाइस याने मृत्यूनंतरचा अहवाल वाचला. प्रसूतीनंतर ज्वराने मरणाऱ्या शेकडो स्त्रियांच्या शरीरात जे दिसे तेच कोलेच्काच्या शरीरात होते. शवाचे कण डॉक्टरांच्या हातांवरून बाळंतिणीपर्यंत पोचतात हा निष्कर्ष त्याने काढला आणि मे महिन्यापासून क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये त्याच्या विभागात शंभरात अठरा स्त्रिया मरत होत्या, जूनमध्ये दोन. जंतूंची उपपत्ती अजून यायची होती, त्यामुळे त्याचे फारसे कोणी ऐकले नाही. पुढे १८६५ पासून लिस्टरने कार्बोलिक आम्ल वापरून तोच मार्ग मोठ्या जखमांसाठी खुला केला.

तरीही जंतू एकदा आत शिरले की डॉक्टरांच्या हाती काही नव्हते. १९२४ च्या जूनअखेर अमेरिकेचे अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा मोजे न घालता टेनिस खेळला आणि पायाच्या बोटाला फोड आला. आठवडाभरात, ७ जुलैला, तो रक्तातल्या जंतुसंसर्गाने गेला. देशातले उत्तमातले उत्तम डॉक्टर उशाशी होते. अकरा वर्षांनी, १९३५ साली, जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांच्या मुलीच्या हातात घरात पडून सुई घुसली. संसर्ग वाढत गेला. हात कापावा लागेल असे डॉक्टर म्हणू लागले, तेव्हा डोमाक यांनी स्वतः शोधलेले प्रोंटोसिल हे तांबडे सल्फा औषध तिला दिले. हात वाचला आणि मुलगीही. अध्यक्षाचा मुलगा आणि ही मुलगी यांच्या जखमांत फारसा फरक नव्हता, फरक होता तो या अकरा वर्षांचा.

आपल्या शाळांतल्या प्रथमोपचाराच्या पेटीत अनेक वर्षे 'लाल औषध' असे. ते मर्क्युरोक्रोम, म्हणजे पाऱ्याचे संयुग. त्याने जंतू मरतात यापेक्षा ते झोंबत नाही म्हणूनच मुलांना ते प्रिय होते. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने १९९८ मध्ये ते निर्धोक व परिणामकारक मानल्या गेलेल्या औषधांत धरण्यास नकार दिला. शिवाय त्याच्या रंगामुळे जखमेभोवतालची लाली दिसेनाशी होते, आणि जखम चिघळते आहे हे कळण्याची पहिली खूण तर तीच असते. कापलेल्या नखाच्या कडेला लाली, सूज आणि ठणका सुरू झाला की नखुरडे होते आहे असे समजावे. त्यात लिंबात बोट घालून ठेवण्याची चाल आपल्याकडे आहे. पू धरला असेल तर मात्र लिंबावर दिवस काढू नयेत, डॉक्टरांकडून तो काढून घ्यावा. मधुमेह असलेल्या माणसाने तर पायाचे नख जिव्हाळी लागले की पहिल्याच दिवसापासून लक्ष ठेवावे, कारण त्याच्या पायाला बधिरपणामुळे ठणका जाणवेलच असे नाही.

हळद, चहाची पूड, कोळ्याचे जाळे, चुना, शेण, माती असे बरेच काही आपल्याकडे कापल्यावर लावतात. यांतल्या कोरड्या पुडीने रक्त थांबायला थोडी मदत होतही असेल. शेण आणि माती यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. १८८४ साली आर्टुर निकोलायर याने बागेतली माती प्राण्यांच्या कातडीखाली घातली आणि त्यांना धनुर्वात झाला. पाच वर्षांनी किटासाटो या जपानी शास्त्रज्ञाने बर्लिनमध्ये त्या मातीतला जंतू वेगळा काढला. हा जंतू हवेत वाढत नाही. त्याची बीजे माती आणि शेणात वर्षानुवर्षे टिकतात, आणि वरून बुजलेली जखम त्यांना हवी तशी बंद कोठडी पुरवते. बाळाच्या नाळेला शेण लावण्याच्या चालीमुळे धनुर्वाताने किती अर्भके गेली असतील याची कल्पना करवत नाही. लसीकरण आणि दवाखान्यातली बाळंतपणे वाढल्यावर, २०१५ साली भारतात माता व नवजात बालकांतल्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य करण्यात आले. जंतू मातीत होते तेथेच आहेत. म्हणून दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मुलांना 'टीडी'ची सुई देतात. पूर्वीच्या 'टीटी'च्या जागी ती २०१९ पासून आली. शाळेत लसीकरणाचे पथक येते तेव्हा पाचवी आणि दहावीच्या वर्गांतून जी मुले त्या दिवशी नेमकी गैरहजर असतात, त्यांची नावे वर्गशिक्षकांनी वेगळी लिहून ठेवावीत.